कान बघणारे आबा

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. माणसांवर लिहिणं हे लिहिणाऱ्यांचं काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील एसटीच्या डेपोत फिटर आहेत, आणि आमच्याकडे कुणाबद्दल काही सांगायचं असलं तर ते जेवताना सांगतात, लिहीत नाहीत. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना हे कळलं तर ते आधी विचारतील, "ह्येनं का लिवलं? ह्यात ह्येचा काय डाव?" तरी लिहितो. कारण जपानातल्या ओजिमा या वस्तीतल्या लोकांना आबा एकाच गोष्टीसाठी आठवतात, आणि ती गोष्ट अर्धीच आहे.

ती गोष्ट अशी की आबा लोकांचे कान बघायचे.

सगळ्यांचे नाही. फक्त म्हाताऱ्या जपानी पुरुषांचे. आणि चोरून नाही, तर बैल विकत घेणारा माणूस दात बघतो तसे. जवळ जाऊन, मान वाकडी करून, गरज पडली तर चष्मा कपाळावर चढवून. एकदा भुयारी गाडीत समोर एक आजोबा डुलक्या घेत होते. आबा उठले आणि त्यांच्या उजव्या कानाशी वाकले. आजोबा दचकून जागे झाले. इतक्या जवळ पांढऱ्या मिशा बघून त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, पण सवयीने त्यांनी बसल्या बसल्या नमस्कारासाठी मान झुकवली. मान झुकल्यावर कान आणखी चांगला दिसला. आबा जागेवर येऊन म्हणाले, "न्हाय. ह्यो न्हाय."

मी सगळ्या डब्याला 'सुमिमासेन, सुमिमासेन' म्हणत माफी मागत होतो.

"आबा, असं का बघता?"

"तोंड खोटं बोलतंय, कालेज. कान बोलत न्हाय."

मला ते 'कालेज' म्हणायचे. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. नाव काय, कुणीही कायपण सांगतो, असं त्यांचं मत होतं.

दौलत आबा हे सुनीलदादांचे वडील. सुनीलदादा पुण्याच्या कंपनीतर्फे इथे आलेले. त्या वर्षांत दर विमानातून असे दोन-चार तरी उतरत, पाठीवर लॅपटॉप आणि बॅगेत प्रेशर कुकर. ते आणि त्यांची बायको वैशाली ओजिमाच्या सरकारी वसाहतीत सातव्या मजल्यावर राहत. मी शिष्यवृत्तीवर शिकणारा, मागच्या गल्लीत न्हाणीघर नसलेल्या खोलीत. संध्याकाळी मी इंडियन किराण्याच्या दुकानात बायतो करायचो, म्हणजे अर्धवेळ काम. तिथेच ओळख झाली. आबा मे महिन्यात तीन महिन्यांसाठी आले, तेव्हा सुनीलदादा म्हणाले, "तुला जपानी येतं. दुपारी जरा आबांबरोबर फिरत जा. वैशालीलाही आता नोकरी आहे, आणि ते एकटे बाहेर पडले की लोक घाबरतात."

"आणि आबा? ते नाही घाबरत?"

"त्यांना घाबरायला वेळ कुठाय? ते पाळत ठेवून आहेत."

खरंच होतं. साताऱ्याकडचा हा शेतकरी जपानात आला तो जणू चौकशी आयोग घेऊनच. गाडी वेळेवर आली की म्हणायचे, "एवढी टायमात येती म्हंजे कायतरी लपवत्यात." दुकानातली मुलगी वर न बघताच 'या या' म्हणायची, त्याचाही संशय. "आपुन आलोय ह्ये तिला न बघता कसं कळलं?" रस्त्यावर कुणी छत्री विसरलेली दिसली तर रस्ता ओलांडायचे. "फास लावलाय. उचलू नगं." रोज संध्याकाळी वसाहतीच्या भोंग्यातून मुलांना घरी बोलावणारी धून वाजते, ती लागली की आबा खिडकीत. "कुणाला खूण करत्यात रं ही?" आणि या सगळ्याच्या शेवटी एकच वाक्य: "हितं कायतरी शिजतंय."

दर रविवारी गावाहून फोन यायचा. तो बजरंगचा. आबांच्या गावात चावडीसमोर एक स्मारक उभं राहत होतं, उंच काळा दगड. त्याच्या एका बाजूला बेचाळीसचे भूमिगत. म्हणजे जे उसात लपले, विहिरीत लपले आणि ज्यांनी इंग्रजाला तालुक्यात सुखाने राज्य करू दिलं नाही. दुसऱ्या बाजूला त्याच गावातून फौजेत जाऊन, जपान्यांनी घेतलेला ब्रह्मदेश सोडवताना पडलेले सैनिक. बजरंग स्मारक समितीचा अध्यक्ष होता. आबांना ऐकू कमी येत नव्हतं, पण फोन कायम स्पीकरवर असायचा, कारण साक्षीदार लागायचे.

"आबा, पाथरवट छिन्नी घिऊन बसलाय. अण्णांचं नाव घालू का नगं?"

"थांब."

"किती थांबू? बाकीची समदी नावं झाली. मंत्री येतो म्हणल्यात."

"मंत्री यायचा न्हाय. तू थांब."

"अवो आबा, हुतात्मा म्हणून घालतोय. शिवी न्हाय घालत!"

"हुतात्मा झाला ह्ये तुला कुणी सांगितलं? तू त्या टायमाला जन्माला तरी आला हुतास का?"

फोन आपटला जायचा. मग आमच्याकडे वळून स्मारकाची निंदा. "एका अंगाला सरकारला पळवणारं, दुसऱ्या अंगाला सरकारचा पगार खाणारं. त्यो दगूड आपसात भांडून फुटल बघ. आन् काय तर म्हणं दुसऱ्याचा मुलूख सोडवला! आपला मुलूख कुणाच्या ताब्यात हुता तवा?"

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, सखाराम. आबा लहान असताना ते फौजेत गेले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर बेपत्ता झाले. गावचा एक जण परत आला होता, त्याने सांगितलं की सखारामला जपान्यांनी जिवंत धरून नेलं. त्यापुढे कुणालाच काही माहीत नाही. सरकारकडून 'बेपत्ता' एवढा एकच शब्द आला. इतकं मला सुनीलदादांनी सांगितलं. आबा नाव का घालू देत नाहीत, हे त्यांनाही माहीत नव्हतं. "समितीवर संशय असेल," ते म्हणाले. "आबांना मोकळ्या पिशवीवरही संशय असतो."

जूनमध्ये व्हायचं तेच झालं. कोपऱ्यावरच्या चौकीतला तरुण पोलीस आम्हाला बागेत येऊन भेटला. अतिशय नम्रपणे म्हणाला, की हे आजोबा ज्येष्ठ नागरिकांच्या कानात बघतात, अशी एक विचारणा आली आहे. तक्रार नाही, विचारणा. मी घाईत म्हणालो, "भारतात ना... हे कान पाहतात." पोलिसाचा चेहरा एकदम उजळला. "आऽ, सेन्सेई!" म्हणाला, म्हणजे डॉक्टरसाहेब, आणि वाकून निघून गेला.

दोन दिवसांत वसाहतभर झालं, की सातव्या मजल्यावर भारतातले कानाचे मोठे वैद्य आले आहेत.

आबा बागेतल्या बाकावर बसले की म्हातारेकोतारे हळूच जवळ येऊ लागले. कुणी पदरची बिस्किटं आणायचं, कुणी मुळ्याचं लोणचं. समोर उभं राहून केस मागे सारून कान पुढे करायचे. आबा बघायचे. बायकांना हातानेच 'नको नको' करायचे. पुरुषांचे मात्र दोन्ही बाजूंनी बघून मान हलवायचे. मग मी काहीतरी सांभाळून घ्यायचो, "काळजीचं काही नाही म्हणतात." एक आजोबा तर दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, की कालपासून बरंच स्पष्ट ऐकू येतंय.

पण आबांच्या कपाळावर आठी. "आता आपणहून दाखवत्यात? हितं कायतरी शिजतंय, कालेज."

सगळे आले, एक मोरीसान आले नाहीत.

मोरीसान तळमजल्यावर राहायचे आणि कचऱ्यावर त्यांची देखरेख असे. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, वार वेगळे. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी ते चिमट्याने उघडायचे, नीट लावायचे आणि त्यावर लाल चिठ्ठी चिकटवायचे. आबा सातव्या मजल्यावरून हे बघायचे. "ह्यो आपला कचरा वाचतोय." वैशालीताईंनी सांगून पाहिलं, की आबा, चूक माझीच होती, मी तेलाचा डबा भलत्या पिशवीत टाकला. आबांना ते पटलं नाही. त्यांनी पिशवी बांधायचं काम स्वतःकडे घेतलं आणि उसाच्या मोळीला मारतात ती गाठ मारायला लागले. "आता उघडून बघ म्हणावं. लगीच कळंल."

मोरीसाननी उघडली. आतलं प्लास्टिक बाजूला केलं. आणि परत तीच गाठ मारून ठेवली.

आबा ती गाठ हातात घेऊन बराच वेळ बघत होते. "ह्यो साधा माणूस न्हाय," ते म्हणाले, आणि त्या आवाजात पहिल्यांदाच थोडा आदर होता.

त्यात मोरीसान घालायचे विणलेली लोकरी टोपी, कानांवरून खाली ओढलेली. जूनच्या त्या चिकट उकाड्यात! वसाहतीत बाकी सगळे पंखा हलवत फिरतायत आणि हे टोपीत.

"कान लपवतोय," आबा म्हणाले. "समद्या गावानं दाखवलं, ह्योच का दाखवत न्हाय? काय वय असंल ह्येचं?"

"सत्तर असेल, आबा."

"ह्यांचं वय कळत न्हाय. ऐंशीबी असंल."

बरं, माझ्या खोलीला न्हाणीघर नसल्याने मी सार्वजनिक न्हाणीघरात जायचो. एकदा बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, की मोरीसानही दुपारी ते उघडलं की येतात. आबांनी टॉवेलच उचलला.

आत जाताना लंगोट काढायला सांगितला तेव्हा "हितंबी झडती?" म्हणून थोडा वाद झाला. पण ध्येय मोठं होतं. कढत पाण्याच्या हौदात आबा हनुवटीपर्यंत बुडून बसले. फक्त मिशा आणि डोळे वर, डोहातल्या म्हशीसारखे. मोरीसान आले. टोपी नव्हती. पण टॉवेल डोक्याला गुंडाळलेला, कान झाकून.

"बघ! बघ!" आबांनी पाण्याखालून मला कोपर मारलं.

मोरीसान छोट्या स्टुलावर बसले, अंग घासलं, आणि डोक्यावर पाणी घ्यायला त्यांनी टॉवेल सोडला. त्यांना उजवा कान नव्हता. होता तो मेणासारखा वितळून गालाला चिकटलेला एक गोळा, आणि तिथून मानेपर्यंत कातडी चुरगळलेली.

आबांनी डोळे खाली घातले. इतक्या दिवसांत त्यांना कुणाच्या कानावरून नजर काढताना मी पाहिलं नव्हतं.

पण मोरीसाननी आम्हाला पाहिलं होतं. ते हौदात उतरले आणि मला म्हणाले, "सेन्सेईंना सांग, माझा कान बरा होण्यासारखा नाही. त्यांचा वेळ वाया गेला असता, म्हणून आलो नाही. रागावू नका म्हणावं."

मी सांगितलं. आबांनी तोंडावर पाणी मारलं. मग म्हणाले, "इचार त्येला, कशानं?"

"आगीनं," मोरीसान म्हणाले. "नऊ वर्षांचा होतो. लढाईत विमानांतून आग पडली. इथली सगळी वस्ती गेली. आईनं मला ओल्या रजईत गुंडाळलं, पण हा कान बाहेर राहिला."

आंघोळीनंतर बाहेर बाकावर बसलो. मोरीसाननी आमच्यासाठी गार दुधाच्या काचेच्या बाटल्या आणल्या, तिथली तशी पद्धतच आहे. मी वाट बघत होतो, की आता आबा विचारतील, दूध कशापायी पाजतोय. त्यांनी विचारलं नाही. बाटली संपवून मिशी पुसली आणि म्हणाले, "ह्येला सांग, मी वैद्य न्हाय. मी माझा भाव हुडकतोय."

मी सांगितलं.

"आमच्या आईची आधीची पोरं जगली न्हाईत. अण्णा झाला तवा आईनं पाच घरी पदर पसरून भीक मागितली, आन् त्या भिकंच्या सोन्याची बाळी केली. भिकबाळी. उजव्या कानाला, वरच्या अंगाला भोक पाडून घातली. फौजंत बाळी काढाय लावली. पर भोक न्हाय बुजत. माणूस नाव बदलंल, बोली बदलंल. त्येवढं भोक ऱ्हातंय."

मी भाषांतर करता करता थांबलो. मला कळायला इतका वेळ लागला.

"आबा," मी हळूच म्हणालो, "पण ही सगळी माणसं तर जपानी दिसतात..."

"साठ वरीस हितलं पाणी प्यायल्यावर माणूस कसा दिसंल, तुला काय ठावं?" ते माझ्यावर खेकसले. मग आवाज उतरला. "जिता धरून न्हेला म्हणत्यात. मंग न्हेला कुठं? हितंच आणणार की."

मोरीसान ऐकत होते. आबा त्यांच्याकडे न बघता बोलत राहिले. "बजरंग म्हणतोय नाव घालू. नावाच्या म्होरं साल घालणार. लढाईचं साल. आन् आमची वयनी? अण्णाची बायकू. सोळा वर्साची हुती त्यो गेला तवा. मरंस्तोवर कुक्कू लावलं. सवाष्ण म्हणून हिरवा चुडा भरून न्हेली आमी तिला, मी सोता खांदा दिला. आता दगडावर त्ये साल घातलं तर ती कोण झाली? जलमभर खोटं कुक्कू लावणारी? माझ्या सहीनं तिला रांडाव करू?"

हे जपानीत कसं सांगायचं ते मला कळेना. सवाष्णीला शब्द नव्हता. मी एवढंच सांगितलं, की त्यांची वहिनी आयुष्यभर ते जिवंत आहेत असं धरून राहिली, आणि तशीच वारली. आता दगडावर तारीख घातली तर ती खोटी पडेल.

मोरीसान रिकामी बाटली हातात फिरवत होते. "माझाही थोरला भाऊ गेला," ते म्हणाले. "दक्षिणेच्या कुठल्याशा बेटावर. घरी पांढऱ्या लाकडाची पेटी आली. आईनं उघडली तर आत हाडं नव्हती. एक दगड होता. तेव्हा असेच यायचे. बरोबर कागद, त्यावर तारीख. आई म्हणाली, ही सरकारची तारीख आहे. माझा मुलगा आज घरी आला, आजच गेला. दर वर्षी आम्ही त्याच दिवशी उदबत्ती लावतो. ऑफिसचे लोक सांगायचे, दिवस चुकलाय. आई म्हणायची, मुलगा माझा की तुमचा?"

मी आबांना सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

"दगूड आला?" आबांनी विचारलं.

"दगड."

"आन् ती म्हणाली आजच गेला?"

"हो."

आबा मोरीसानकडे वळले. सरळ तोंडाकडे बघितलं, कानाकडे नाही. "म्हंजे तूबी धाकलाच की रं," ते मराठीतच म्हणाले. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर मोरीसान मान हलवत होते. काय समजलं होतं कोण जाणे.

त्यानंतर आबांनी कुणाचा कान बघितला नाही. कुणी दाखवायला आलंच तर "बरा हाय, बरा हाय" म्हणायचे. वसाहतीत हळहळ झाली. संशय मात्र गेला नाही. भोंगा लागला की खिडकीत हजर असायचेच. रविवारी बजरंगचा फोन आला तर "मी आल्यावर बघू" एवढंच बोलले. बजरंग घाबरला. आबांची तब्येत बरी आहे ना, असं त्याने सुनीलदादांना वेगळा फोन करून विचारलं.

जुलैच्या शेवटी ते परत गेले. निघताना मला म्हणाले, "शीक. पर कुणावर लगीच इस्वास ठिऊ नगं." मोरीसान खाली उभे होते. दोघे एकमेकांसमोर वाकले. कुणी आधी सरळ व्हायचं याबद्दल दोघांनाही शंका असावी, कारण बराच वेळ कुणीच होईना. टॅक्सीवाला खोळंबला.

मग माझी परीक्षा आली आणि आबांचा विषय मागे पडला. गणपतीत निशी-कसाईला एका हॉलमध्ये मराठी मंडळी जमतात. त्या सकाळी सुनीलदादांचा फोन आला.

"आम्ही नाही येत रे. वैशालीनं केलेले मोदक... म्हणजे केलेच नाहीत. तू मंडळाला सांग. आम्हाला सुतक आहे."

"आबा?"

"नाही, नाही. आबा ठणठणीत आहेत. मगाशीच बजरंगला शिव्या देत होते. आबांनी गावी गेल्यावर भटजींना गाठलं. या सोमवारी अण्णांच्या नावानं दर्भाचा माणूस करून नदीवर त्याला अग्नी दिला. स्वतः. या वयात डोक्यावरचे केस उतरवले, मिशी काढली. गावच्या घरी यंदा गणपती बसवला नाही. गावातली जुनी माणसं सगळी नदीवर आली होती म्हणे, भूमिगतांच्या घरची पण. मग संध्याकाळी पाथरवटाला म्हणाले, आता घाल नाव. दगडावर बाकी सगळ्यांच्या नावापुढे साल आहे. थोरल्या चुलत्यांच्या नावापुढे नाही. समितीनं खूप सांगून पाहिलं."

"मी चुलत्यांचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही रे," सुनीलदादा म्हणाले. "आबा म्हणाले, हापिसला जा, पर देवाला हात लावू नगं. म्हणून मी आपला बसलोय."

दुपारी हॉलवर गेलो. आरतीची तयारी चालली होती. मुलं जपानीत भांडत होती. मंडळाच्या कुलकर्णीकाकू ताटं लावता लावता म्हणाल्या, "अरे, वैशाली नाही आली? मोदक तिच्याकडे होते ना?"

"त्यांना सुतक आहे, काकू."

"अगंबाई. कोण गेलं?"

"सुनीलदादांचे थोरले चुलते."

"अरेरे. कधी रे?"

मी त्यांच्या हातातलं ताट घेतलं.

"सोमवारी," म्हणालो.